पाणशिडीचं कुलूप

प्रत्येक शहराची एक हुकलेली नियती असते, आणि नागपूरची हुकलेली नियती म्हणजे समुद्र.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या खांद्यावर छतातून पाणी ठिबकत होतं. वाक्य उच्चारणारे गृहस्थ माझे घरमालक होते. गळती दाखवायला मी त्यांना खोलीत बोलावलं होतं. त्यांनी छताकडे पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बंगालच्या उपसागराबद्दल बोलायला सुरुवात केली. भाडेकरूच्या तक्रारीला इतक्या लांबून उत्तर देणारा घरमालक मला त्याआधी भेटला नव्हता, नंतरही भेटला नाही.

घर सक्करदऱ्याच्या तलावाजवळ. खाली ते आणि काकू, मधे मी, माझ्यावर गच्ची आणि गच्चीवर गळतीचं कारण. गल्ली त्यांना सर म्हणे. पॉलिटेक्निकात सिव्हिलच्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं पाण्याचं शास्त्र शिकवलं होतं, आणि रिटायर झाल्यावर उरलेल्या नागपूरला शिकवायचं ठरवलं होतं. नागपूरनं तशी मागणी केलेली नव्हती, पण ही बाब त्यांना किरकोळ वाटे.

गच्चीवर सिमेंटच्या दोन टाक्या होत्या, एक खालच्या अंगाला, एक वरच्या. दोन्हींच्या मधे एक चिंचोळा हौद, हौदाला दोन्ही टोकांना पत्र्याची दारं. खालच्या टाकीत साबणाच्या डबीची नाव तरंगायची. नाव हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या टाकीतलं पाणी हौदात सोडायचं. पाणी चढेल तशी नाव चढते. वरचं पाणी आणि हौदातलं पाणी एका पातळीला आलं की पुढचं दार उघडायचं, आणि नाव निमूट वरच्या टाकीत. "ना धक्का, ना दोर, ना हमाल," सर म्हणत. "नाव जिना चढली."

याला जगभर लॉक म्हणतात. सरकारी मराठीत जलपाश. सरांना तो शब्द सोसत नसे. एरवी ते पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की सरळ वऱ्हाडीवर येत. "पाश म्हणजे फास. नदीले फाशी देऊन राहिले का हे लोक?" त्यांनी स्वतःचा शब्द घडवला होता, पाणशिडी. शब्द चांगला होता. त्यात खोट एकच, तो सरांखेरीज कोणाला ठाऊक नव्हता.

गच्चीवरची ती नक्कल होती. असल प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याच्या अलीकडे, सागाच्या जंगलात पडून होती. रेल्वे यायच्या आधी इंग्रजांच्या मनात होतं की इकडचा कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट पूर्वेच्या समुद्रावर न्यायचा. वाटेत नदी खडकांवरून आपटत उतरते, तिथे नाव टिकायची नाही. म्हणून खडकांच्या बगलेनं कालवा आणि कालव्यात पाणशिडी. दगड घडवले गेले, भिंती उभ्या राहिल्या, नावा बांधायला लोखंडी कड्या बसल्या. दारं तेवढी बसायची होती. दारांच्या आधी नागपूरला रेल्वे आली आणि साहेबानं हात झटकले.

"त्या पाणशिडीतून एकही नाव कधी गेली नाही," सर सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा होई.

काकू आतून म्हणत, "नाई गेली तं नाई गेली. तुमाले कोठी जायचं होतं जी?"

सरांना जायचंच होतं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहिता होते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. "तुमचं भांडी घासलेलं पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. तुम्ही सदरच्या पुढे जात नाही." माझं ऑफिस सदरला होतं, त्यामुळे हे मला उद्देशून आहे असं समजायला जागा होती.

पाणशिडीतून त्यांनी एक सुविचारही काढला होता: मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. तो ते सर्वांना सारखा वाटत. नापास झालेल्या मुलाला, नोकरी सोडू की नको अशा पेचातल्या मला, घटस्फोटाचा सल्ला मागायला आलेल्या शेजाऱ्याला. शेजारी म्हणाला, सर, मागचं दार तिनंच लावलं आहे आणि मी बाहेर आहे. सरांनी थोडा विचार करून सांगितलं की मग पाणी भरायची वाट पाहा.

"दुसऱ्याले दारं लावाले सांगते," काकू म्हणाल्या, "अन् सोता मांगचं दार सताड उघडं टाकून गच्चीवर जाते. काल कुत्रं पोळ्या घेऊन गेलं. त्याच्यासाठी पुढचं दार उघडलं म्हनाचं का?"

त्या घरात देव्हारा नव्हता. सरांच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले देव टोपलीत घालून नाग नदीत सोडले होते. नवस, अंगारा, उतारा यांना तेव्हापासून त्या उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. वडिलांनी हे शांतपणे केलं. सरांच्या स्वभावात शांतपणा नव्हता. लकडगंजात लाकूड बघायला गेले की ते दुकानांवर टांगलेली लिंबू-मिरची तोडून आणत आणि काकूंना वरणात पिळायला देत. लाकडं कापणाऱ्या एका आरावाल्यानं शेवटी हात जोडले. "सर, तुमच्यासाठी दर शनिवारी वेगळं लिंबू काढून ठेवतो. टांगलेलं सोडा." सर म्हणाले, "मी कोणाचं फुकट घेत नाही."

ही झाली त्यांची गंमत. गंभीर गोष्ट एकच होती, प्राणहितेकाठची भिंत.

घडीव काळा दगड जंगलात बेवारशी पडलेला असला की तो बेवारशी राहत नाही. आसपासच्या गावांचे ट्रॅक्टर तिथे येत. कोणाच्या ओट्याला दगड, कोणाच्या विहिरीला, कोणाला धुणं आपटायला. ज्या पाणशिडीतून एक नाव गेली नाही, तिच्यातून ट्रॅक्टर मात्र नेमानं जात. सर दर हिवाळ्यात तिथे जायचे आणि भिंतीला पाठ टेकवून उभे राहायचे, घरोघरी मुलांची उंची मोजतात तसे. फरक इतकाच, की इथे माणूस तेवढाच राहायचा आणि भिंत बुटकी व्हायची. मी राहायला आलो त्या वर्षी ती त्यांच्या कानापर्यंत उरली होती. "माझ्या हयातीत ती माझ्या खांद्याखाली जाता कामा नये," असं त्यांनी जाहीर केलं. काकूंनी सुचवलं, तुमीच थोडे वाकून उभे रायत जा.

सरांनी सरकारी फलकासाठी पाठपुरावा सुरू केला. तिथे फलक लागावा, ही ऐतिहासिक वास्तू आहे असं त्यावर लिहिलेलं असावं, नुकसान करणाऱ्याला शिक्षेची भीती असावी. अर्जावर अर्ज गेले. प्रत्येक अर्जात अर्थातच पाणशिडी हा शब्द होता. काही महिन्यांनी त्या कार्यालयातून फोन आला. मी समोरच होतो.

"पाणशिडी म्हणजे काय?" पलीकडून विचारणा झाली. सरांनी समजावलं. पलीकडच्याला समजलं नाही. सरांनी पुन्हा समजावलं, साबणाच्या डबीसकट. पलीकडून आवाज आला, "म्हणजे नेमकं काय लिहू?"

सरांचा संयम सुटला. "अरे, लॉक! लॉक, बाबू, लॉक!"

"हां, मग असं सांगा ना," पलीकडचा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

फलक लागला. तिकडे नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सरांच्या मोबाइलवर फोटो पाठवला. निळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत होतं: ऐतिहासिक कुलूप. खाली: इंग्रजकालीन. नुकसान करणाऱ्यास शिक्षा होईल.

सरांनी फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा वाचला. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून वाचलं आणि विचारलं, "अन् किल्ली कोनाजवळ हाय?"

हाच प्रश्न गल्लीत पुढे अनेक दिवस चालला. दूधवाला विचारी, इस्त्रीवाला विचारी. आरावाल्यानं तर निरोप धाडला की सरांना हवं असल्यास त्याच्या ओळखीचा किल्लीवाला आहे. सरांनी अर्जांची दुसरी माळ सुरू केली. तिचा विषय होता: कुलूप नव्हे. उत्तर येईना. मग एका सकाळी ते म्हणाले, "मी स्वतः जाऊन खोडतो." पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश गच्चीवर होते. गच्चीला एक दांडगं पितळी कुलूप असे, कारण संक्रांतीच्या दिवसांत पतंग लुटणारी पोरं टाक्यांत पाय घालत. सरांनी गच्ची उघडली, डबा घेतला, आणि एस.टी. चुकेल या घाईत तसेच निघाले.

काकूंनी मला दारात गाठलं. "तुमी जा जी यायच्यासंगं. सरकारी पाटी रंगवता रंगवता पकडल्या गेले तं घरी सांगाले कोनी पाह्यजे."

असा मी प्राणहितेला गेलो. चंद्रपूर, पुढे आलापल्ली, पुढे एक जीप, तिथून पायवाट. वाटभर सर पाठ केल्यासारखे सांगत होते की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसल्या की समजायचं, आलं. चाकोऱ्या काही दिसल्या नाहीत. दिसला तो आधी एक मांडव, मग चहाची टपरी, आणि टपरीला तोरणासारखी टांगलेली कुलपं.

त्यापलीकडे ती भिंत होती. नावा बांधायला बसवलेल्या लोखंडी कड्यांतून कुलपं लोंबत होती. कुलपात कुलूप, त्या कुलपात आणखी एक, अशा माळाच्या माळा खाली आल्या होत्या. लहान, मोठी, गंजलेली, नवी चकचकीत. वाऱ्यानं त्यांचा किणकिणाट होत होता. दगडांवर शेंदूर होता. सरांनी डबा खाली ठेवला.

"कुलूप पाह्यजे का जी?" टपरीवाल्या बाईनं विचारलं.

"हे काय आहे?"

"कुलूपबाबा."

"बाबा-बिबा काही नाही," सर म्हणाले. "ही पाणशिडी आहे. इंग्रजांनी बांधली. लॉक."

"तेच तं," बाई म्हणाली. "कुलूप."

सर माझ्याकडे वळले, मी नदीकडे वळलो.

"काय मांगते लोक इथं?" त्यांनी शेवटी विचारलं. वऱ्हाडीवर आले होते, म्हणजे लक्षण बरं नव्हतं.

"मांगत नाई कोनी. मांगाले बाकीचे देव हायेत. इथं बंद कराचं असते," बाईनं धंद्याच्या शिस्तीनं सांगितलं. "नवऱ्याची दारू बंद, सासूचं तोंड बंद, पोराचा खोकला बंद. कुलूप लावाचं, किल्ली घरी न्याची अन् जपाची. कुलूप उघडलं तं पुन्हा सुरू."

"आणि कुलूप लावूनही बंद नाही झालं तर?" मी विचारलं.

"तं मंग याच्याहून मजबूत घ्याचं." तिनं मागच्या रांगेतलं एक दाखवलं.

"ट्रॅक्टर येत नाई आता?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"कोन आनते जी? एकानं नेला होता दगड, ओट्याले लावाले. त्याचं तोंडच उघडेना. जेवता येईना का पानी पेता येईना. सोताच घेऊन आला वापस, माफी मांगत."

"अक्कलदाढ आली असंन," सर म्हणाले. "उशिरा."

तरी ते तो दगड बघायला गेले. मागोमाग मीही. भिंतीच्या वरच्या थरात एक दगड खरोखर परत आलेला होता. सरांनी त्यावरून हात फिरवला. "उलटा बसवला गाढवानं," ते म्हणाले. मग भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले आणि मला बघायला सांगितलं. भिंत त्यांच्या कानाशी होती. शेवटच्या खेपेला होती तिथेच. अख्ख्या वर्षात एक बोटही कमी झाली नव्हती.

ते भिंतीच्या पायथ्याशी बसले. फलक समोरच होता, हात पोचेल एवढ्या उंचीवर. डबा दोन पायांच्या मधे. मी विचारलं, "उघडू का?"

"थांब गा." रागावले, किंवा हरल्यासारखं वाटलं, की ते मला अरेतुरे करत. या वेळी यातलं कोणतं, ते कळेना. "बापानं देव नाग नदीत सोडले होते. पानी इथूनच जाते. आता समजलं मले ते कुठं येऊन अडकले."

मीही शेजारी बसलो.

"मी खरं लिहाले आलो," ते म्हणाले. "आज त्या पाटीवर खरं लिहिलं, का हे कुलूप नाही, इथं कोणी बाबा नाही, नुसते दगड हायेत, तं उद्या ट्रॅक्टर हजर. खोटं राहू दिलं तं भिंत राहते. सांग, काय करू?"

"तुम्ही आयुष्यभर लिंबं तोडली," मी म्हणालो.

"लिंबाच्या मागं दुकान होतं. लिंबू तोडलं तरी दुकान पडत नव्हतं." मग पुस्तकी मराठीत, वर्गात सांगावं तसं: "भिंत राहिली तर पुढे कोणीतरी येऊन तिच्यावर खरं लिहील. भिंतच गेली तर खरं लिहिणार कशावर?" त्यांनी डबा उचलून मला दिला. तो परत नागपूरपर्यंत मीच वाहिला.

निघताना टपरीवर त्यांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर गच्चीचं पितळी कुलूप बाहेर आलं आणि टपरीच्या फळीवर दाणकन पडलं. घरून निघायच्या घाईत ते दाराला लावायच्या ऐवजी खिशात गेलं होतं, किल्लीसकट.

"अवो माय!" बाई म्हणाली. "घरूनच घेऊन आले! अन् मंगापासून मलेच भाषण देऊन राहिले!"

"हे त्यासाठी नाही," सर म्हणाले.

"केवढं मजबूत हाय! लई जुनाट काम दिसते. काय बंद कराचं जी?"

माणसं गोळा झाली. सरांनी कुलूप हातात तोललं. माझी खात्री होती की ते आता बाबा, अंधश्रद्धा आणि बंगालचा उपसागर यांवर बोलतील. ते भिंतीपाशी गेले, एक मोकळी कडी शोधली आणि वळून बाईला स्वच्छ सांगितलं, "हा नवस नाही. मी नवस नाही बोलून राहिलो. मी संवर्धन करून राहिलो."

"असू द्या. सगळे काय तं बी नाव देते," बाई म्हणाली. "बंद काय कराचं, ते सांगा."

"दगड नेणं."

"ते तं बंदच हाय जी."

"मग तसंच राहू द्या," सर म्हणाले आणि कुलूप लावलं. ते हात जोडतात का, हे सगळे बघत होते. त्यांनी हात जोडले नाहीत. कुलूप दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं, कडी हलवून पाहिली, आणि कडीचं बांधकाम अजून पक्कं असल्याचा निर्वाळा दिला.

घरी पोचलो तेव्हा काकूंनी आधी डबा पाहिला, मग आम्हाला. "नाई लावला रंग?"

"नाही."

"बरं झालं. अन् गच्चीचं कुलूप कोठी गेलं? तुमी गेल्यापासून दार आपटून राहिलं."

"कामावर आहे," सर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्जांची तिसरी माळ सुरू केली. आधीचे सर्व अर्ज रद्द समजावेत, फलकावरचा मजकूर आहे तसाच ठेवावा, अशी त्यांची विनंती होती. ज्या हातानं 'कुलूप नव्हे' लिहिलं त्याच हातानं 'कुलूपच' लिहिताना त्यांना काय वाटलं, हे मी विचारलं नाही. ते जेवढ्या जिद्दीनं पहिलं लिहीत होते तेवढ्याच जिद्दीनं दुसरं लिहीत होते, एवढं मी पाहिलं. पण कार्यालयात तोवर दुसऱ्या माळेतल्या अर्जांना मंजुरी मिळून दुरुस्तीचा आदेश निघाला होता. मागाहून मजकूर न बदलण्याचाही आदेश निघाला. दोन्ही कागद एकाच रंगाऱ्याच्या हाती पडले, आणि त्यानं दोन्हींचा मान राखला. विद्यार्थ्यानं नवा फोटो पाठवला. पाटीवर आता लिहिलं होतं: ऐतिहासिक कुलूप. आणि त्याच्या शेजारी, नव्या रंगात: दुरुस्त केले आहे.

कुलूप दुरुस्त झाल्याचं वाचून तिथली गर्दी बरीच वाढली, असं त्या विद्यार्थ्यानं कळवलं. भिंत सरांच्या कानापर्यंतच आहे.

मी ती खोली पुढे सोडली. गच्ची उघडी म्हटल्यावर गल्लीतली पोरं दिवसभर वर असत, साबणाच्या डब्या घरून आणत आणि नागपूर बंदरातली वाहतूक माझ्या छताला झेपण्यापलीकडे गेली. काकू अधूनमधून फोन करतात. गच्चीला अजून नवं कुलूप आणलेलं नाही. सरांच्या मते जुनं वापरात आहे.